व्याह्यांच्या ताटातली लाल हाडं

पहाटेची नमाज झाली की चटईची घडी घालायची, डोक्यावरचा रुमाल सारखा करायचा आणि मेंढ्यापुढे चारा टाकायचा, हा अनिपाचा लग्न होऊन या गावात आल्यापासूनचा क्रम. त्या वसंतातही क्रम तोच राहिला. फक्त चारा कुठून येतो ते बदललं.

गवताची गंजी बर्फ वितळायच्या आधीच संपली होती. पाटाला पाणी उशिरा सुटलं, त्यामुळे लसूणघास वीतभरही वर आला नाही. आणि जर्दाळू पिकायच्या सुमाराला मुलीच्या, बुरुलच्या, होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला यायची होती. त्यांच्यासाठी कोणता मेंढा कापायचा हे शरदातच ठरलं होतं. अनिपाचा नवरा तोकोन याने चार माणसांसमोर त्या कोवळ्या मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, "हा व्याह्यांचा." असं एकदा म्हटलं की ते जनावर विकायचं नाही, बदलायचं नाही. आणि हा व्याह्यांचा मेंढा वसंतात असा झाला होता की बरगड्या हाताला लागाव्यात.

त्यांच्या गोठ्यामागे मातीची बुटकी भिंत, आणि भिंतीपलीकडे बातमा आपाचा मंजिष्ठेचा वाफा. बातमा आपा गल्लीतली सगळ्यात वडील बाई. नमदे, म्हणजे लोकरीची जाजमं, करणारी. लोकर लाल रंगवायला बाजारातली पुडी तिने कधी हातात धरली नाही. मंजिष्ठ लावायची, तीन वर्षं धीर धरायचा, मग मुळं खणायची, हे तिच्या आईकडून आलेलं. यंदा तिसरं वर्ष होतं.

पहिल्या दिवशी अनिपाने भिंतीवरून अलीकडे लोंबणारे चार वेल तोडले. आपल्या बाजूला आलेलं आपलंच, असं तिने मनाला सांगितलं. मेंढ्याने ते असे खाल्ले की तिला बरं वाटलं. चार दिवसांनी अलीकडे लोंबणारं काही उरलं नाही, आणि तिचा हात भिंतीपलीकडे गेला. विळा तिने नेला नाही. विळ्याचा काप सरळ असतो, बघणाऱ्याला कळतो. ती हाताने ओरबाडायची, थोडं इथलं, थोडं तिथलं, शेळीने तोंड घातल्यासारखं. ओढताना वेलाबरोबर खालची तांबूस मुळंही निघून यायची. तीही मेंढ्याच्या पोटात जायची.

हे सगळं नमाजेनंतर. अल्लापुढे नुकतेच पसरलेले हात घेऊन. एकदा तिने ठरवलं की आधी चारा आणावा आणि मग वजू करून नमाजेला उभं राहावं, म्हणजे हात निदान धुतलेले असतील. पण उजाडायच्या आत आपाच्या घरात दिवा लागतो, तीही नमाजेला उठते. नमाज झाल्यावर मात्र आपा तासभर चटईवर बसून तसबीहचे मणी ओढते. तेवढाच वेळ मोकळा मिळायचा. आपाच्या भक्तीचा आडोसा करून आपण चोरी करतो, हे अनिपाला पहिल्याच आठवड्यात उमगलं होतं. उमगूनही तिचा हात थांबला नाही. मेंढा भरत चालला होता.

एक दिवस गोठ्यातला पेंढा मुताने तांबडा भिजलेला दिसला. मेंढ्याला रक्त जातंय की काय म्हणून ती घाबरली. पण मेंढा टणटणीत उभा होता, आणखी मागत होता. तिने पेंढ्यावर राख टाकली आणि विषय मिटवला.

गल्लीचा तंदूर एकच, चिनाराखाली. आठवड्यातून दोनदा बायका तिथे रोट्या भाजायच्या. मे महिन्यातल्या एका सकाळी अनिपा वाकून तंदूरच्या भिंतीला रोटी थापत होती, तेव्हा बातमा आपा काठी टेकत आली. हिवाळ्यात बर्फावर पडून तिचं मनगट मोडलं होतं, ते जरा वाकडंच बसलं होतं. त्या वाकड्या हाताने तिने कालिसकडे बोट केलं. कालिस म्हणजे गल्लीच्या शेळ्या चारायला नेणाऱ्या इसाकची बायको.

"कालिस, तुझ्या नवऱ्याला शेळ्या झेपत नसतील तर कोंबड्या राखायला सांग त्याला."

"काय झालं आपा?"

"माझ्या वाफ्यात येऊन बघ काय झालं ते. अर्धा वाफा ओरबाडून खाल्लाय."

"आमच्या शेळ्या पाटाच्या पलीकडून जातात."

"पलीकडून जातात आणि अलीकडे जेवतात!"

बायका हसल्या. कालिसचा चेहरा उतरला. "कुणी पाहिलं का आपा? इसाकला शेळ्या तिथे नेताना पाहिलं कुणी?"

"पाहायला कशाला हवं? एखादी शेळी कापाल तेव्हा समजेलच. मंजिष्ठ खाल्लेल्या जनावराची हाडं लाल होतात. मी नव्हाळीतली पोर होते तेव्हा माझ्या आईनं दाखवलं होतं मला. उकळून उकळून पांढरी होत नाहीत."

अनिपाचा हात तंदूरच्या आतच राहिला. मनगटावरची लव जळाल्याचा वास आला तेव्हा नणंद सालकिन ओरडली, "जेने!" वहिनीला ती जेनेच म्हणायची. "रोटी भाजतेस की हात?"

सगळ्या पुन्हा हसल्या. अनिपाही हसली. कालिस तेवढी हसली नाही. तिने तिंबलेल्या कणकेची परात तशीच उचलली, डोक्यावर घेतली आणि न भाजता घरी गेली. अनिपाच्या जिभेवर आलं होतं, "कालिस, थांब." आलं आणि परत गेलं.

घरी येऊन तिने पहिल्यांदा मेंढ्याचा ओठ वर करून पाहिला. समोरचा नवा दात नुकताच हिरडीतून वर येत होता. बुडाशी तो गुलाबी होता.

पुढच्या आठवड्यात चार घरांनी आपल्या शेळ्या इसाककडून काढून घेतल्या. कालिस तंदूरवर यायची बंद झाली. ती घरातच तव्यावर काहीतरी भाजते, असं सालकिन म्हणाली. अनिपाने मंजिष्ठेला हात लावणं सोडलं. पण आता सोडून काय होणार होतं?

एका संध्याकाळी तिने नवऱ्यापाशी विषय काढला.

"अहो, व्याह्यांसाठी दुसरा मेंढा बघूया का? हा जरा..."

"जरा काय? आख्ख्या गल्लीत असा मेंढा नाही."

"बरं मग, यंदा नुसता पुलाव करूया? मांसाचे बारीक तुकडे करून. हल्ली शहरात तसंच करतात म्हणे."

तोकोनने चहाची वाटी खाली ठेवली. "आणि मानाची हाडं?"

"हाडं... काढून ठेवायची."

"अगं, तुला ऊन लागलंय का? व्याही दारात आणि त्यांच्या हातात हाड द्यायचं नाही? त्यांच्या ओस्मोन अतासारख्या म्हाताऱ्यापुढे मी भाताची शितं ठेवू? ते म्हणतील, अर्धा मेंढा आधीच खाऊन बसलेत. बुरुलला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

तो चुकीचं बोलत नव्हता. त्यांच्याकडे पाहुण्याला मांस वाढत नाहीत, हाड वाढतात. कुणाला कोणतं हाड मिळालं यावरून कोण कुणाचा कोण हे ठरतं. कमरेचं हाड वडील पुरुषाला, शेपटीकडचं माकडहाड वडील बाईला, मांडीचं जावयाच्या भावाला. प्रत्येकाने आपलं हाड सुरीने स्वच्छ करायचं आणि उरलेलं रुमालात बांधून घरी न्यायचं. झाकायला जागाच नाही.

मेंढा कापला त्या सकाळी तोकोन बिस्मिल्ला म्हणून सगळं नीट करत होता, पण सांधे सोडवताना त्याच्या कपाळाला आठी पडली. "रक्त नीट उतरलं नाही वाटतं. हाडं तांबूस दिसतायत."

"शिजली की जाईल," अनिपा म्हणाली. म्हणताना तिला आपलाच आवाज परका वाटला.

शिजली, पण गेलं नाही. कढईत मांस आकसून हाडांची टोकं उघडी पडली तशी सालकिनने झाऱ्याने एक नळी वर काढली. नळी विटकरी गुलाबी होती, जुन्या नमद्याच्या काठासारखी. सालकिनने नळीकडे पाहिलं, मग वहिनीकडे.

"जेने, आपानं तंदूरपाशी सांगितलं होतं, तेच का हे?"

अनिपा वाफेत तोंड धरून उभी राहिली.

"म्हणजे इसाकच्या शेळ्यांनी नाही..."

"सालकिन."

"हाडावरचं मांस सोडवून टाकू का पटकन?"

"आणि व्याह्यांच्या हातात काय देऊ, झारा?"

सालकिनला हसू फुटलं आणि लगेच विझलं. "बातमा आपा आत बसलीय, जेने. वडील बाई म्हणून दादानंच बोलावलंय तिला. माकडहाड तिच्याच ताटात जाणार."

जेवणाचं दस्तरखान भरलेलं होतं. व्याही सहा जण होते. बुरुलचा होणारा आजेसासरा ओस्मोन अता, गुडघे आखडलेला, उशीला टेकून पाय लांब केलेला. जावयाचा मोठा भाऊ एर्मेक, जनावरांचा डॉक्टर, हातात सुरी धरायची रीत अशी की बघत राहावं. बायकांच्या रांगेत सगळ्यात वर बातमा आपा. तोकोनने एकेकाच्या हातात हाड दिलं आणि घरचा यजमान म्हणून दारापाशी बसला. अनिपा चहा ओतत होती. कुणाच्या वाटीत किती पडतोय हे तिला दिसत नव्हतं.

सुऱ्या चालल्या. मग ओस्मोन अताची सुरी थांबली.

"तोकोन बाळा, हे काय?"

त्याच्या हातातलं कमरेचं हाड एका बाजूने सोललं गेलं होतं आणि तिथे ते लाल होतं. एकेकाने आपापल्या हातातलं पाहिलं. सगळ्यांचीच तशी. एका व्याहिणीने आपलं हाड हलकेच ताटात ठेवलं आणि बोटं रुमालाला पुसली. आजारी जनावर व्याह्यांना वाढलं, या एका गोष्टीवरून मोडलेली लग्नं त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होती. तोकोनचा चेहरा पांढरा पडला.

"इकडे द्या अता," एर्मेक म्हणाला. त्याने हाड उजेडात धरलं, सुरीच्या टोकाने खरवडलं, कूर्चेवर बोट फिरवलं. मग तो हसला. "घाबरू नका. आजार नाही. मंजिष्ठ आहे ही. आम्हाला कॉलेजात दाखवलं होतं. रंग पोटातून रक्तात जातो आणि हाड जिथे नवं बनत असतं तिथे चुन्याला धरून बसतो. हे बघा, कूर्चा पांढरीच आहे. जनावर वाढीचं होतं ना, म्हणून सगळीकडे भिनलाय. पण एक आहे, कधीमधी तोंड घालून असा रंग येत नाही. रोज खाल्लेली दिसते. दीड-दोन महिने तरी."

"आमच्याकडे मंजिष्ठ नाहीच," तोकोन घाईने म्हणाला. मेंढा निरोगी ठरला म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि त्या भरात त्याला बायकोचं कौतुक करावंसं वाटलं. "आणि बाहेर चरायलाही कधी गेला नाही हा. हिनंच रोज पहाटे स्वतःच्या हातानं खाऊ घातलाय. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

किटलीचं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. अनिपाने ते उचललं नाही. तिला बातमा आपाकडे बघायचं नव्हतं, आणि नेमकं तिकडेच बघितलं गेलं. आपाच्या वाकड्या हातात ते माकडहाड होतं. ते तिने पूर्ण सोललं होतं. बराच वेळ ती त्या हाडाकडे पाहत होती. पोरवयात आईने दाखवलेला रंग इतक्या वर्षांनी पुन्हा बघावा, तशी. मग तिने नजर वर करून अनिपाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर अनिपाला सोसला असता.

"माझ्या वाफ्यातली," आपा म्हणाली. "मीच म्हटलं या केलिनला, आमच्या गल्लीच्या सुनेला, गवत नाही तर ने माझ्याकडची. वर वाढून तरी काय उपयोग, मला मुळं हवीत." आणि तिने त्या हाडावरचा शेवटचा मांसाचा तुकडा कापून तोंडात घातला.

खोलीत सगळ्यांचा श्वास सुटला. ओस्मोन अता खुलला.

"मग हाड लाल झालं म्हणजे मजबूत झालं म्हणायचं का रे एर्मेक? तर माझे गुडघे लाल करून दे बाबा! आपा, एक पेंढी माझ्या खोगिरावर बांधा."

"अता, पुरुषाचे गुडघे लाल झाले तर म्हातारी काय म्हणेल?" व्याहीणबाई म्हणाल्या आणि हशा पिकला.

"रंग बसला म्हणजे ताकद आली असं नाही," एर्मेक म्हणाला. "मंजिष्ठ माणसानं खाऊ नयेच, पोटाला चांगली नाही ती. तुम्ही आपलं गाजर, जर्दाळू, तुती, झिरिश्क खा. रंगीत भाज्या-फळं हाडांना बरी असावीत असं हल्ली तपासतायत म्हणे. असतीलही. पण सकाळी उठून चार पावलं चालाल तर जास्त बरं."

"बघा, डॉक्टर झाला तरी आजोबाला चालायलाच लावतो!"

जेवण रंगलं. दुवा झाली. सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. अनिपाचे हात वर गेले, पण चेहऱ्याला लावताना तिचा धीर झाला नाही. व्याही आपापलं लाल हाड रुमालात बांधून, नवलाची भेट मिळाल्यासारखे हसत गेले.

बातमा आपा मागे राहिली. अंगणात अनिपाने तिच्या हातावर पाणी घातलं.

"आपा..."

"पाणी घाल."

तिने घातलं. आपाने एकेक बोट सावकाश धुतलं.

"बुरुल त्या घरात नांदायची आहे, म्हणून मी बोलले," आपा म्हणाली. "या वयात, अन्नासमोर बसून, खोटं. आज नमाजेला उभी राहीन तेव्हा मला ते सांगावं लागेल. तुझ्यासाठी."

"आपा, तुमची मुळं मी..."

"मुळांचं जाऊ दे. मुळं पुन्हा येतात." आपाने हात झटकले, रुमाल घेतला नाही. "मी त्या कालिसला चारचौघींत काय काय बोलले, आठवतंय ना तुला? तू तिथेच होतीस. रोटी थापत होतीस. माझ्या तोंडून ते सगळं जाऊ दिलंस."

अनिपाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. ते आलं नाही.

"तुझी अब्रू व्याह्यांपुढे मी झाकली," काठी उचलत आपा म्हणाली. "इसाकची मला नाही झाकता येत. मी आज कालिसकडे माफी मागायला गेले तर म्हातारी चुकली एवढंच होईल. शेळ्या परत येतील. पण ती तंदूरवर यायची नाही."

उन्हं कलायच्या आत अनिपाने मेंढ्याचं एक मांडीचं हाड वाडग्यात घेतलं आणि निघाली. अन्न नेताना वरून फडकं टाकायचं असतं. तिने टाकलं नाही. दोन दारांतून बायकांनी मान वर करून पाहिलं.

कालिस दारात बसून लोकर पिंजत होती. तिने वाडग्यात पाहिलं. हाड पाहिलं. बराच वेळ तिच्या हातातली लोकर तशीच राहिली.

"तुमच्याकडचं?"

"हो."

"म्हणजे तू."

"मी. भिंतीवरून. हातानं ओरबाडून, शेळ्यांनी खाल्ल्यासारखं दिसावं म्हणून." इतकं सांगायचं तिने ठरवलं नव्हतं. पण अर्धं सांगून परत फिरता येईना. "कालिस, मी तुझ्या पायाशी..."

"नको." कालिस उठली. "माझ्या पायाशी काय आहे? माझा नवरा दोन महिने मान खाली घालून गल्लीतून जातोय. पोरं त्याला लाल हाडवाला म्हणतात. कापा ना शेळी, दाखवा ना हाड, म्हणतात. त्याला एक शेळी कापायची होती, खरं दाखवायला. मी कापू दिली नाही. दूध देणारी होती." तिचा आवाज चढला आणि ती थांबली. आतून कुणीतरी खोकललं. "हे मला इथे एकटीला सांगू नकोस. मी ऐकून काय करू? जिथं झालं तिथं सांग."

"तंदूरपाशी?"

"तंदूरपाशी. उद्या. मी येईन."

"व्याह्यांच्या कानावर जाईल, कालिस."

"जाईलही," कालिस म्हणाली. तिने वाडगा घेतला नाही.

रात्रीच्या नमाजेआधी अनिपाने तोकोनला सगळं सांगितलं. तो नुसता गोठ्याकडे गेला, भिंतीपलीकडे वाकून पाहिलं आणि परत आल्यावर तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी सगळ्यांसमोर तुझं कौतुक केलं."

दुसऱ्या दिवशी चिनाराखाली तंदूर तापलेला होता. सालकिन होती, आणखी पाच-सहा जणी होत्या. काल व्याही काय म्हणाले, म्हाताऱ्याने गुडघ्यांची कशी थट्टा केली, ते सगळं सालकिन रंगवून सांगत होती आणि अनिपा येताना दिसताच गप्प झाली. बातमा आपा बाकावर बसली होती. परात डोक्यावर घेऊन कालिस पायवाटेने आली आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिली. कुणी तिला जागा केली नाही, कुणी नको असंही म्हटलं नाही.

अनिपाने रोट्यांची टोपली खाली ठेवली. मनातल्या मनात तिने बिस्मिल्ला म्हटलं, आणि हे सांगायला तरी त्याचं नाव घ्यायची आपली लायकी आहे का, असा विचार त्याच क्षणी आला.

"आपाचा वाफा इसाकच्या शेळ्यांनी नाही खाल्ला," ती म्हणाली. "मी ओरबाडला. आमच्या मेंढ्यासाठी. रोज. आपानं मला कधीच काही दिलं नव्हतं. काल पाहुण्यांसमोर त्या माझ्यासाठी बोलल्या. आणि कालिस इथून परत गेली त्या दिवशी मला सगळं माहीत होतं."

तंदूरच्या आतली एक रोटी भिंत सोडून निखाऱ्यात पडली आणि धूर आला, तरी कुणाचा हात पुढे गेला नाही. ज्या बाईने पहिल्यांदा आपल्या शेळ्या काढून घेतल्या होत्या ती पायाखालची माती बघत राहिली. बातमा आपा उठून उभी राहिली. वाकडा हात छातीवर ठेवून ती कालिसला काही म्हणाली, पण इतक्या हळू की ते फक्त कालिसला ऐकू गेलं. कालिसने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते अनिपाला कळलं नाही.

मग कालिस पुढे आली, अगदी अनिपाच्या खांद्याला खांदा लागेल इतकी.

"सरक," ती म्हणाली. "माझी कणीक फुगून परातीबाहेर चाललीय."

अनिपा सरकली. कालिसने बाही वर केली, हात पाण्यात बुडवला आणि पहिली रोटी तंदूरच्या भिंतीला थापली. अनिपा दोन पावलं मागे, टोपली पुन्हा उचलून उभी राहिली. जा असं कुणी म्हटलं नाही. थांब असंही नाही. तिच्याही कच्च्या रोट्या होत्या. तिची पाळी सगळ्यात शेवटी होती.